ताप उतरला, मग दम का लागला?

२०२१ च्या फेब्रुवारीत उरलेला महाराष्ट्र मास्क खिशात घालून लग्नाच्या पंगतीला बसत होता, तेव्हा वऱ्हाडातले दवाखाने पुन्हा भरू लागले होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि अचलपूर बंद झालं. लगोलग अकोला, अकोट, मूर्तिजापूरही बंद. दर्यापूर या सगळ्यांच्या मधोमध. अमरावतीही पन्नासच्या आसपास किलोमीटर आणि अकोलाही तेवढंच. त्या महिन्या-दोन महिन्यांत इथल्या घराघरांत एक कोडं पडलं होतं, आणि पाच वर्षांनंतरही पुष्कळांना ते सुटलेलं नाही.

घर एक, आठवडा एक, विषाणू एक. सुनेला दोन दिवस कणकण आली आणि गेली. नातवाला काही झालंच नाही. पोराला चार दिवस सडकून ताप, अंग ठणकत होतं, पण तो घरातच बरा झाला. सासऱ्यांना मात्र आठव्या दिवशी रुग्णवाहिकेत घालून अमरावतीला न्यावं लागलं. त्यातला मोठा चकवा असा, की सासऱ्यांचा ताप पाचव्या दिवशीच उतरला होता. "ताप उतरला, आता कायले जाता दवाखान्यात?" असं म्हणून ते ओसरीवर चहा पीत बसले होते. आजार गेला असं घरच्यांना वाटलं, तेव्हाच तो खरा सुरू होत होता.

हा लेख त्या चकव्याबद्दल आहे. उदाहरण कोरोनाचं घेतलं आहे, कारण एवढ्या बारकाईने दुसऱ्या कुठल्याही श्वसनाच्या आजाराकडे जगाने इतक्या कमी वेळात पाहिलेलं नाही. पण यातलं बरंच काही फ्लूला आणि स्वाइन फ्लूलाही लागू पडतं.

वर्ग ठरतो तो दुखण्यावर नाही

सौम्य, मध्यम, तीव्र हे तीन वर्ग ऐकले की आपल्याला वाटतं, थोडं दुखलं तर सौम्य आणि फार दुखलं तर तीव्र. डॉक्टरांची वर्गवारी अशी नाही. एप्रिल २०२१ मध्ये एम्स आणि आयसीएमआर यांनी देशभरासाठी जी मार्गदर्शक पद्धत दिली, तिच्यात तापाचा आकडा किंवा अंगदुखीचं प्रमाण यांवर वर्ग ठरत नव्हता. दोनच गोष्टी निर्णायक होत्या: रुग्ण एका मिनिटात किती श्वास घेतो, आणि त्याच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे.

ताप, खोकला, घसा, अंगदुखी हे सगळं आहे, पण धाप नाही आणि ऑक्सिजन ९४ किंवा त्याहून वर आहे, तर आजार सौम्य. मग रुग्ण पाच दिवस अंथरुणावरून उठला नाही तरीही सौम्यच. श्वास मिनिटाला २४ च्या वर गेला किंवा ऑक्सिजन ९० ते ९३ मध्ये आला की मध्यम. श्वास ३० च्या वर किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली, की तीव्र. निरोगी मोठ्या माणसाचा बसल्या जागी श्वास मिनिटाला १२ ते २० च्या दरम्यान असतो.

आता कोड्यातले दोघे या मापाने पाहा. १०३ तापाने कण्हणारा पोरगा सौम्य. ताप नसलेले, चहा पिणारे, ऑक्सिजन ९१ असलेले सासरे मध्यम, आणि तीव्रच्या उंबरठ्यावर. घराचं सगळं लक्ष पोराकडे होतं.

साथीच्या अगदी सुरुवातीला, लस नसताना, चीनने ४४ हजारांहून अधिक रुग्णांची मोजदाद प्रसिद्ध केली होती. त्यात ८१ टक्के सौम्य, १४ टक्के तीव्र आणि ५ टक्के अत्यवस्थ निघाले. म्हणजे दर पाचांपैकी चौघे काहीही केलं असतं तरी बरे झाले असते. काढ्यांपासून कोंबडीच्या रश्शापर्यंत प्रत्येक उपायाला यश मिळालं, त्याचं गणित या चौघांत आहे.

नाकात थांबला की खाली उतरला

विषाणूला पेशीत शिरायला एक कडी लागते. कोरोनाच्या बाबतीत ती म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं एसीई-२ नावाचं प्रथिन. ते नाकाच्या आतल्या अस्तरावर भरपूर असतं, म्हणून विषाणू पहिलं ठाण तिथेच मांडतो. नाक गळतं, घसा खवखवतो, वास जातो. शरीर ताप चढवतं. बहुतेकांचा आजार इथेच, छातीच्या वरच संपतो. नाक-घशाचं अस्तर जाड आणि चिवट असतं. खराब झालेल्या पेशी गळून पडतात, नव्या येतात. तिथे सूज आली तर त्रास होतो, पण जीव जात नाही, कारण ऑक्सिजनची देवघेव तिथे होतच नाही.

ती होते श्वासनलिकेच्या पार टोकाशी, वायुकोशांत. दोन्ही फुफ्फुसांत मिळून हे बारीक कोश तीस ते पन्नास कोटी असतात. सगळे उलगडून अंथरले तर सत्तरेक चौरस मीटर जागा व्यापतील. आपल्याकडच्या हिशेबात साडेसातशे चौरस फूट. त्यांची भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहून कमी. भिंतीच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. एवढी पातळ असते म्हणूनच ऑक्सिजन तिच्यातून पार होतो.

या भिंतीत दोन तऱ्हेच्या पेशी असतात. पहिल्या चपट्या, पसरलेल्या. देवघेव त्यांच्यातून होते. दुसऱ्या गुबगुबीत. त्या एक साबणासारखा निसरडा स्राव तयार करतात आणि त्यामुळे श्वास सोडल्यावर कोश मिटून चिकटत नाहीत. एसीई-२ ची कडी या दुसऱ्या पेशींवरही असते. विषाणू तिथवर उतरला की हाच कारखाना बंद पडतो. कोश मिटू लागतात, शेजारच्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून कोशांत साचतं. हवा आणि रक्त यांच्या मधे पाण्याचा थर आला की ऑक्सिजन अडतो. सीटी स्कॅनमध्ये जे धुरकट पांढरे डाग दिसत होते, त्यांचा अर्थ बहुतांशी हा होता.

म्हणजे सौम्य आणि तीव्र यांतला पहिला फरक जागेचा. दुसरा फरक काळाचा आहे, आणि मला विचाराल तर तोच जास्त महत्त्वाचा.

जागल

दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात हरभरा घाटे धरू लागला की रात्री वावरात जागलीला जावं लागतं. रानडुकरं आणि रोही. जागल्या सावध असेल तर पहिलं डुक्कर धुऱ्यावर आलं की तो हाळी देतो, डबा बडवतो. शेजारच्या वावरातले जागे होतात आणि कळप वळतो. नुकसान होतं चार झाडांचं. पण तोच झोपी गेला आणि मध्यरात्री, कळप वावराच्या मधोमध असताना त्याला जाग आली, तर तो सगळं गाव उठवतो. पंचवीस माणसं काठ्या-बॅटऱ्या घेऊन अंधारात धावतात. डुकरं पळतात खरी. सकाळी पाहावं तर निम्मा हरभरा माणसांच्याच पायांखाली गेलेला.

शरीरात ही हाळी म्हणजे इंटरफेरॉन. विषाणू शिरलेली पेशी मरण्याआधी हे रसायन सोडते. ते शेजारच्या पेशींना लागलं की त्या आपली दारं बंद करतात: स्वतःची प्रथिनं बनवण्याचा वेग कमी करतात, घुसलेल्या विषाणूची नक्कल होऊ देत नाहीत. हे सगळं काही तासांत घडतं. पुढे आठवडाभराच्या आसपास खास त्याच विषाणूसाठीची प्रतिपिंडं आणि टी-पेशी तयार होतात आणि काम उरकतात. सुनेच्या अंगात बहुधा हेच घडलं.

कोरोनाचा विषाणू ही हाळी दाबण्यात पटाईत आहे. त्याची काही प्रथिनं नेमकं तेवढंच काम करतात. ज्याच्या अंगात हाळी उशिरा किंवा क्षीण जाते, त्याच्याकडे विषाणू पहिले काही दिवस बिनबोभाट वाढतो आणि खाली सरकतो. मग शरीराला जाग येते ती एकदम आणि भलतीच मोठी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुफ्फुसाकडे धाव घेतात. त्यांना बोलावणारी रसायनं, ज्यांना सायटोकाइन म्हणतात, ती भरमसाट वाढतात. या पेशी जे काही सोडतात ते विषाणूसकट वायुकोशाची पातळ भिंतही खाऊन टाकतं. रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजतं, त्यांत बारीक गुठळ्या होतात. त्या काळात डॉक्टर सीआरपी आणि डी-डायमर या दोन तपासण्या वारंवार सांगत. पहिली ही सूज किती चढली ते दाखवते, दुसरी गुठळ्यांचा माग.

तीव्र आजारात माणूस मरतो तो पुष्कळदा या तुडवणीने. विषाणू तोवर ओसरलेला असतो.

दुसरा आठवडा

आता तारखा लावून पाहू. लक्षणं सुरू होतात त्या सुमारास, किंवा एखादा दिवस आधीच, नाका-घशातला विषाणू सर्वांत जास्त असतो. पुढे तो उतरत जातो. सौम्य आजार असेल तर नऊ-दहा दिवसांनंतर नमुन्यातून जिवंत विषाणू वाढवून दाखवणं प्रयोगशाळेला सहसा जमत नाही. धाप लागते ती मात्र साधारण पाचव्या ते आठव्या दिवसात, आणि अतिदक्षता विभागाची वेळ येते ती दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास. विषाणूची रेघ खाली येत असताना आजाराची रेघ वर चढते.

मधला एखादा दिवस फसवा असतो. ताप उतरलेला, तोंडाला चव आलेली. आपल्याकडे ताप अंगावर काढायची सवय जुनी. उन्हातान्हात, वावरात राबणाऱ्याला तो परवडणारा एकमेव उपाय वाटतो. पहिल्या आठवड्यात तो बहुतेकांच्या बाबतीत चालूनही जातो. फसतो तो दुसऱ्या आठवड्यात, कारण तेव्हा अंगावर काढण्याजोगं काही जाणवतच नाही.

दम का जाणवत नाही

हे त्या काळातलं सर्वांत चक्रावणारं दृश्य होतं. ऑक्सिजन ८२ आणि माणूस मोबाइलवर बोलतो आहे. नातेवाइकांना वाटे, यंत्र बिघडलं.

कारण शरीराच्या मोजमापात आहे. श्वास घ्यायची घाई मेंदूला होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. ऑक्सिजन कमी झाल्याची तक्रार तो खूप उशिरा ऐकतो. पाण्यात बुडी मारल्यावर जीव कासावीस होतो तोही कार्बन डायऑक्साइडमुळेच. हा वायू ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीस पट सहज भिंतीपार जातो. त्यामुळे काही वायुकोश पाण्याने भरले तरी उरलेल्यांतून तो निघून जातो, ऑक्सिजन मात्र अडकतो. मेंदूला धोक्याची खूण पोचतच नाही. श्वास जरा भरभर चालू लागतो, इतकंच. आणि आपला श्वास कोण मोजतो?

आणखी एक पेच आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं ते एका ठरावीक चालीने. फुफ्फुसातला ऑक्सिजनचा दाब पुष्कळ घसरला तरी सॅच्युरेशनचा आकडा ९७, ९५, ९३ असा रेंगाळत उतरतो. ९० नंतर मात्र उभा कडा लागतो: दाब थोडा कमी झाला की आकडा धाडकन कोसळतो. सकाळी ९१ असलेला माणूस संध्याकाळी ८० वर का, याचं उत्तर इथे आहे. पन्नास किलोमीटरवरच्या खाटेचा शोध ९३ वर सुरू करायचा की ८५ वर, या निर्णयावर त्या हंगामात बऱ्याच घरांचं नशीब ठरलं.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. माझ्या मते त्या सबंध साथीतलं सर्वांत शहाणपणाचं साधन म्हणजे तो बोटाला लावायचा चिमटा. त्यालाही मर्यादा आहेत. बोट गार असेल, नखाला रंग किंवा मेंदी असेल, तर आकडा चुकतो. २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका अभ्यासात असंही दिसलं, की काळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये हे यंत्र ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवण्याची शक्यता गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होती. सावळ्या माणसांच्या मुलखात हे ध्यानात ठेवलेलं बरं.

चौकट: घरी काय पाहायचं

• बोट कोमट करून, नखाचा रंग काढून, पाच मिनिटं शांत बसल्यावर ऑक्सिजन मोजावा. आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं.
• बसून ९४ च्या वर असेल तर सहा मिनिटं सपाट जागी सावकाश चालून पुन्हा मोजावा. तीन किंवा अधिक अंकांनी घसरला, किंवा चालताना धाप लागली, तर डॉक्टरांना दाखवावं. आधीच धाप असलेल्याला चालवू नये.
• मिनिटाला २४ च्या वर श्वास, ९४ च्या खाली ऑक्सिजन, छातीत दाब, बोलताना वाक्य तुटणं, गुंगी किंवा बडबड, ओठ-नखं निळसर: यांतलं एकही दिसलं तर ताप नसला तरी दवाखाना.
• पाच दिवसांहून अधिक टिकलेला जोराचा ताप किंवा खोकला हीही दाखवण्याची वेळ.
• गाडी येईपर्यंत पालथं झोपवल्याने ऑक्सिजन वाढू शकतो, कारण फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो आणि तो मोकळा होतो. गरोदर बाई, हृदयाचा गंभीर आजार किंवा नुकतंच जेवण झालं असेल तर हे करू नये.

एकच गोळी: तारक आणि मारक

सौम्य आणि तीव्र हे एकाच आजाराचे लहान-मोठे आकार नाहीत, याचा सर्वांत सज्जड पुरावा एका स्वस्त, जुन्या गोळीने दिला. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. काम एकच: शरीराची प्रतिकाराची धावपळ दाबणं.

ब्रिटनमध्ये 'रिकव्हरी' नावाच्या मोठ्या चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे २,१०० जणांना ते रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं गेलं आणि सुमारे ४,३०० जणांना दिलं गेलं नाही. जून २०२० मध्ये निकाल जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांपैकी औषध न मिळालेल्यांत २८ दिवसांत ४१ टक्के दगावले, मिळालेल्यांत २९ टक्के. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत हे आकडे २६ आणि २३. इथवर आनंदीआनंद. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांचं चित्र उलटं: औषध न मिळालेल्यांत १४ टक्के मृत्यू, मिळालेल्यांत १८ टक्के. हा शेवटचा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसू शकेल असा होता. फायदा मात्र नव्हता आणि नुकसानीची शंका होती. सप्टेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं: तीव्र आजारात द्या, सौम्य आजारात देऊ नका.

आता ते वावर पुन्हा पाहा. मध्यरात्री गाव हरभरा तुडवत असेल तेव्हा त्याला आवरणारा माणूस हवाच. पण संध्याकाळी जागल्या पहिली हाळी देतो आहे तेव्हाच त्याचं तोंड दाबलं, तर डुकरांना रान मोकळं. दुसऱ्या दिवशी, ताप आहे म्हणून घेतलेलं स्टेरॉइड नेमकं हेच करतं. ताप उतरतो, माणसाला तरतरी वाटते, सगळे खूश होतात. आत विषाणूला दोन-चार दिवसांची बक्षिसी मिळालेली असते.

२०२१ च्या उन्हाळ्यात हे नियम कागदावर होते आणि चिठ्ठ्यांवर वेगळंच लिहिलेलं दिसत होतं. पहिल्याच दिवशी पाच-सहा औषधांची यादी, तीत स्टेरॉइड, अझिथ्रोमायसिन आणि जिवाणू मारणारं आणखी एखादं. जिवाणूंवरच्या औषधाचा विषाणूवर काडीचा परिणाम होत नाही, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. मी सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणार नाही. नुसती पॅरासिटामॉल लिहून देणारा डॉक्टर आपल्याकडे बिनकामाचा ठरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

त्या स्टेरॉइडची किंमत पुढे मे महिन्यात दिसली. स्टेरॉइड रक्तातली साखर चढवतं. आधीच मधुमेह, त्यात हे औषध, शिवाय प्रतिकार दाबलेला; नाकात शिरलेल्या एरवी निरुपद्रवी बुरशीला एवढं पुरे झालं. म्युकरमायकोसिसने, म्हणजे ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले तिने, कुणाचा डोळा गेला, कुणाचा वरचा जबडा काढावा लागला. यातल्या बऱ्याच जणांचा मूळ कोरोना बरा झालेला होता.

सीटी स्कॅनचंही असंच. "स्कोर किती?" हा प्रश्न त्या दिवसांत ख्यालीखुशालीच्या जागी विचारला जाई. फुफ्फुसाचे पाच कप्पे, प्रत्येकाला पाचपर्यंत गुण, एकूण २५. पण ऑक्सिजन ९७ असलेल्याच्या फुफ्फुसातही थोडे डाग दिसू शकतात आणि ते आपोआप जातात. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की सौम्य आजारात स्कॅनचा काही उपयोग नाही. तोवर पाच-सहा गुण पाहून घाबरलेली कितीतरी सौम्य माणसं रेमडेसिव्हिरच्या रांगेत उभी राहिली होती. ते औषधही ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठीच, तेही पहिल्या दहा दिवसांत, राखलेलं होतं.

सासऱ्यांनाच का?

सोपी कारणं आधी सांगून टाकू. वय हे सर्वांत मोठं. हाळी देणारी यंत्रणा वयाबरोबर मंदावते. मधुमेह, लठ्ठपणा, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे जुने आजार. पुरुष असणं. हे सगळ्यांना माहीत आहे. पण चाळिशीतला, धडधाकट, निर्व्यसनी माणूस गेला आणि ऐंशीची आजी घरी बसून बरी झाली, असंही प्रत्येक गावात घडलं. त्याची दोन उत्तरं २०२० मध्येच हाती आली.

पहिलं असं. तीव्र न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांच्या रक्तात शास्त्रज्ञांना १०१ जण असे सापडले, ज्यांच्या शरीराने स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडं बनवून ठेवली होती. हाळी निघताच तिचा गळा घोटणारी. ही कोरोनाच्या आधीपासून अंगात होती आणि त्या माणसाला त्यांचा पत्ताही नव्हता. सौम्य किंवा लक्षणरहित ६६३ जणांत असा एकही सापडला नाही. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते.

दुसरं आणखी अजब. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा तीव्र आजाराचा धोका वाढवतो, आणि तो आपल्याला आला आहे तो निअँडरथल मानवाकडून, असं ह्युगो झेबर्ग आणि स्वांते पाबो यांनी सप्टेंबर २०२० मध्ये दाखवलं. पाबोंना पुढे २०२२ चं नोबेल मिळालं, ते अशा नामशेष मानवांच्या जनुकांवरच्या कामासाठी. हा तुकडा युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत आहे, दक्षिण आशियात मात्र जवळपास निम्म्यांत. म्हणजे वऱ्हाडातल्या दर दोन माणसांमागे एकाच्या अंगात तो असण्याचा संभव. एकटा तो काही ठरवत नाही. वय आणि मधुमेह त्याच्याहून भारी. पण 'आपल्या मातीतल्या माणसाला काही होत नाही' या फुशारकीला मात्र तो आडवा येतो.

विषाणू बदलतो, तशी जागाही

वऱ्हाडातली लाट चढत होती त्याच हंगामात महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन लक्षवेधी बदल एकत्र असलेला विषाणू वाढताना दिसला. त्याच कुळातल्या एका भावंडाला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी डेल्टा हे नाव दिलं. डेल्टा फुफ्फुसात सहज उतरत होता. त्या वर्षाअखेरीस ओमायक्रॉन आला. हाँगकाँग विद्यापीठात माणसाच्या ऊतींवर पाहिलं तेव्हा, तो श्वासनलिकेच्या शाखांत डेल्टापेक्षा सुमारे ७० पट भराभर वाढला, पण फुफ्फुसाच्या ऊतीत मूळ विषाणूपेक्षा दहा पटींहून मंद. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये घरंच्या घरं तापली आणि ऑक्सिजनच्या खाटा बऱ्याच अंशी रिकाम्या राहिल्या. अर्थात तोवर लशीही झाल्या होत्या. लस नाकातला शिरकाव फारसा थांबवू शकली नाही, यावरून लोक तिला नावं ठेवतात. पण तिने शिकवून ठेवलेल्या पेशी दुसऱ्या आठवड्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कामाला लागतात आणि विषाणूला खाली उतरायची सवड मिळत नाही. तीव्र आजार सौम्य करणं, हेच तिचं काम.

फ्लूची वाट थोडी वेगळी असते, तीही सांगितली पाहिजे. १९१८ च्या फ्लूला आपल्याकडे मानमोडी म्हणत. भारतात तिने एक कोटीहून जास्त माणसं नेली आणि मध्य प्रांत-वऱ्हाडाला बसलेला तडाखा देशातल्या सर्वांत जबर तडाख्यांपैकी होता. त्या काळातल्या रुग्णांच्या जपून ठेवलेल्या फुफ्फुसांची तपासणी सांगते, की बहुतेक मृत्यू विषाणूने सोलवटलेल्या श्वासनलिकेत मागाहून शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले. ताप उतरतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप चढतो, पिवळा बेडका पडतो, अशी ती चाल. असा उलटलेला ताप दिसला तर मात्र जिवाणूंवरचं औषध खरंच लागतं.

बाळाला ऑक्सिमीटर लागत नाही

लहान मुलांत हिशेब पुन्हा वेगळा. कोरोनाने त्यांना पुष्कळ अंशी सोडलं, पण आरएसव्ही नावाचा एक विषाणू दरवर्षी तान्ह्यांच्या अगदी बारीक श्वासनलिकांना गाठतो. मोठ्यांना त्याने नुसती सर्दी होते. बाळाची नळी मुळातच इतकी अरुंद, की थोडी सूज आणि थोडा शेंबूड एवढ्यानेच ती बंद होते.

इथे यंत्राशिवाय सौम्य-तीव्र ओळखण्याची पद्धत विदर्भातच तावून-सुलाखून निघाली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना, दाईंना मुलांचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. अंक न येणाऱ्या बायकांसाठी त्यांनी एक साधन बनवलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. १९९० साली लॅन्सेटमध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. हे काम चाललं त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजून बाळाला दवाखान्यात न्यायचं. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा सुस्त पडलं असेल, तर आकड्याची वाट पाहायचीच नाही. मोजायचं ते अंगडं वर करून, पोटाची वर-खाली होणारी हालचाल पाहत, पुरं एक मिनिट. तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्यांचा श्वास एकसारखा चालत नाही. आणि बाळ रडत असताना किंवा पीत असताना मोजलेला आकडा धरायचा नाही. ते शांत होऊ द्यायचं किंवा झोपू द्यायचं, मग मोजायचं.